वीणेचा सांधा

गिटार हे वाद्य नांदेडसारख्या गावीही आता नवलाचे राहिलेले नाही. माझ्या एका विद्यार्थ्याची गिटार घोडीच्या मागे फुगली, तेव्हा तो ती घेऊन थेट माझ्याकडे आला. मास्तर कादंबऱ्या लिहितात, म्हणजे त्यांना सगळे ठाऊक असणार, असा त्याचा भोळा समज! तारा उतरवून, तोंडातून लहानसा आरसा आणि विजेरी आत घालून आम्ही पाहिले. पुढच्या पातळ फळीला आतून लाकडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. त्यांतल्या दोन मोठ्या पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींना छेदून गेल्या होत्या आणि त्या छेदावर कापडाचा एक तुकडा डकवलेला होता. पोराला वाटले, कोणीतरी आधीच ठिगळ लावून ठेवले आहे.

ते ठिगळ नव्हते. दोन पट्ट्या एकमेकींत बसवायच्या, तर प्रत्येकीला निम्म्यापर्यंत खाच घ्यावी लागते. म्हणजे जिथे जोर सर्वांत जास्त हवा, तिथेच लाकूड निम्मे उरते. सहा पोलादी तारांची एकत्र ओढ सत्तर किलोच्या आसपास भरते आणि ती रात्रंदिवस चालू असते. म्हणून त्या छेदावर सरसात भिजवलेले कापड, किंवा लाकडाची चपटी टोपी, चिकटवून खाचेची तुटलेली बाजू पुन्हा बांधून घेतात. फुलीच्या पट्ट्यांची ही रीत रूढ केली ती ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन याने. हा जर्मनीतला कारागीर १८३३ साली अमेरिकेत गेला आणि १८४० नंतरच्या दशकात त्याच्या गिटारींत ही फुली दिसू लागली. त्या वेळी तारा आतड्याच्या असत. पोलादी तारांचे राज्य विसाव्या शतकातले.

आता गंमत पाहा. जवळजवळ त्याच सुमारास, १८५० च्या आगेमागे, आपल्या मिरजेत फरीदसाहेब शिकलगार तंबोरा बांधायला बसले होते. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार नि झिलई देणारे. १८१८ साली पेशवाई बुडाली, तलवारी खुंटीला लागल्या, आणि या हातांना दुसरे काम शोधणे भाग पडले. पुढे त्यांच्या वंशजांचे आडनावच सतारमेकर झाले. तलवारीवाल्याने तंबोऱ्याला हात घालावा याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. मला तितकेसे वाटत नाही. आपल्याकडच्या तलवारीचे पाते मुठीत लाखेने बसवलेले असे. लाख थंड झाली की पक्की आणि तापवली की सुटी. घट्ट बसेल, पण पुढे कधी उघडताही येईल असा सांधा कसा करायचा, हे त्या घराण्याला तंबोऱ्याआधीच ठाऊक असले पाहिजे. ही माझी समजूत. कारागिरांनी ती मान्य करावी असा आग्रह नाही.

तंबोऱ्याच्या तबलीला गिटारीसारख्या पट्ट्यांची गरज सहसा पडत नाही. तबली फुगीर असते आणि तो फुगवटाच भार पेलतो. भीती असते ती खाली, भोपळा आणि दांडी जिथे भेटतात तिथे. भोपळा कडू जातीचा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकणारा. तो भिजवून कापतात, गर काढतात आणि तोंड आक्रसू नये म्हणून काड्यांचे टेकू देऊन वाळवतात. मग लाकडी गळा एका अंगाने भोपळ्याला, दुसऱ्या अंगाने दांडीला सरसाने नि लाकडी खिळ्यांनी जोडतात. भोपळ्याच्या खांद्यावर जी कोरीव पाने आपण नक्षी म्हणून वाखाणतो, ती या जोडावरच पसरलेली असतात. शोभा आणि आधार दोन्ही.

माझे बालपण लातूरजवळच्या एका खेड्यात गेले. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पहाऱ्यापहाऱ्याने विणेकरी बदलायचे, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जायची. एका वर्षी चौथ्या रात्री, पावसाळी हवेने, आमच्या वीणेचा सांधा करकरला आणि भोपळा हलू लागला. विणेकरीबुवांनी नाम न थांबवता खांद्यावरचे उपरणे काढून सांध्याभोवती करकचून गुंडाळले. शेजारच्या गावाहून सायकलवर दुसरी वीणा येईपर्यंत पहाट झाली. तोवर बुवा तसेच उभे होते.

सप्ताह उठल्यावर वडील ती वीणा घेऊन मिरजेला निघाले आणि मी त्यांच्यामागे लागलो. लातूरला बार्शी लाईट रेल्वेचे अडीच फुटी रूळ १९११ साली आले, पंढरपूरहून ते १९२७ साली मिरजेस पोचले. गाडी इतकी सावकाश की वळणावर उतरून पुन्हा चढावे, असे लोक म्हणत. (ते रूळ आता रुंद झाले. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी आले, तेही रेल्वेनेच.)

कारागिराने वीणेला ठोकले नाही की खरवडले नाही. तारा उतरवल्या, सांध्यावर गरम पाण्याचे फडके धरून बसला. बऱ्याच वेळाने जुना सरस मऊ झाला आणि भोपळा अलगद हातात आला. आत त्याने बोट फिरवले, म्हणाला की पूर्वीच्या माणसाने काम चोख केले आहे, फक्त ओल मुरली. तयार गोंद जास्त घट्ट धरतो, पण असा सुटत नाही. ओढाल तर भोपळाच फुटेल, हेही त्याने सांगितले. मग लाकडाचा भुसा सरसात कालवून पोकळी भरली, नवे खिळे मारले, सुतळीने आवळून वीणा छताला टांगली. आठ दिवसांनी या म्हणाला.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी मी वर्गात वाचून दाखवली, तेव्हा गिटारवाल्या पोराने विचारले, मग त्यांच्या सांध्यावर कापड लावतात का? मी त्याला बुवांच्या उपरण्याची गोष्ट सांगितली. त्याच्या गिटारीची सुटलेली पट्टी एका सुताराने पुन्हा चिकटवून दिली आहे. सरस त्याला बाजारात मिळाला नाही.