मंडाले, रत्नागिरी आणि वर्तमान क्षण

1885 सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा मंडाले येथील आपल्या राजवाड्यांतून कायमचा बाहेर पडला. इंग्रजी फौजेनें राजधानी घेतली होती. राणी सुपयालत हिच्यासह त्याला ऐरावतीच्या कांठीं उभ्या असलेल्या आगबोटीवर चढविण्यांत आलें, आणि मद्रासमार्गें 1886 सालीं तो रत्नागिरीस येऊन पोंचला. पुढचीं तीस वर्षें त्यानें कोकणांतील त्या गांवीं काढलीं. आपलें जवाहीर, आपला तनखा, आपला मान यांविषयीं सरकारकडे अर्ज करण्यांत आणि गेलेल्या वैभवाची आठवण काढण्यांत त्याचें आयुष्य सरलें. 1910 च्या सुमारास त्याच्यासाठीं बांधून झालेला वाडा आजहि थिबा पॅलेस म्हणून लोक पाहावयास जातात. 1916 च्या डिसेंबरांत राजा तेथेंच वारला.

इतिहासाचा योग असा कीं, याच काळांत रत्नागिरींत जन्मलेला एक पुरुष मंडालेच्या तुरुंगांत होता. लोकमान्य टिळकांनीं 1908 ते 1914 हीं वर्षें तेथें काढलीं, आणि 1910-11 च्या हिंवाळ्यांत त्याच कोठडींत गीतारहस्याचें लेखन केलें. मंडालेचा राजा रत्नागिरींत आणि रत्नागिरीचा लोकनायक मंडालेंत, असा हा विलक्षण अदलाबदल होता. दोघांचाहि काल सक्तीनें थांबविलेला. एकाला तो काल म्हणजे केवळ प्रतीक्षा झाला. दुसऱ्यानें त्याच कालाचें कार्यांत रूपांतर केलें. मनुष्याच्या हातीं खरोखर असतो तो चालू क्षण. त्याचें काय करावयाचें, हा प्रश्न या दोन बंदिवासांनीं आपोआप उभा केला आहे.

परंतु या प्रश्नाला ब्रह्मदेशांतच, त्याच राज्यनाशांतून, एक तिसरें उत्तर मिळालें. तें एका भिक्षूनें दिलें. त्याचें नांव लेडी सयाडो. ‘सयाडो’ म्हणजे पूज्य आचार्य, आणि ‘लेडी’ हें मोन्यवा गांवाजवळील त्या वनाचें नांव, जेथें त्यानें आपला आश्रम स्थापिला. 1846 सालीं श्वेबो प्रांतांतील एका खेड्यांत त्याचा जन्म झाला. तरुणपणीं मंडालेच्या विद्यापीठांत तो त्रिपिटकाचें अध्ययन करीत होता. त्या वेळीं राजा मिंडोन गादीवर होता. याच राजानें संपूर्ण त्रिपिटक 729 संगमरवरी शिलांवर कोरवून घेतलें, आणि 1871 सालीं पांचवी धर्मसंगीति भरविली. राजा हा धर्माचा रक्षक, हा त्या देशाचा शेंकडों वर्षांचा समज होता. आणि राजानेंहि तो खरा करून दाखविला होता.

1885 सालीं हा आधारच नाहींसा झाला. नवें सरकार धर्माच्या बाबतींत तटस्थ राहणारें होतें. भिक्षुसंघाची शिस्त पाहणारें, विद्वानांस आश्रय देणारें सिंहासन उरलें नाहीं. शिवाय बुद्धाचें शासन पांच हजार वर्षें टिकून पायरीपायरीनें लोप पावेल, अशी जुनी समजूत लोकांत रूढ होती. तो लोप आपल्याच डोळ्यांसमोर सुरू झाला कीं काय, अशी धास्ती घरोघर शिरली. राज्य गेल्याचें दुःख एक, आणि त्याबरोबर जीवनाचा अर्थच जाईल ही भीति दुसरी.

लेडी सयाडोचें मोठेपण असें कीं, त्यानें या भीतीला नवें वळण दिलें. राजा धर्म राखणार नसेल, तर तो प्रत्येक गृहस्थानें राखला पाहिजे. आणि राखावयाचा तर ग्रंथांत नव्हे, स्वतःच्या अनुभवांत राखला पाहिजे, हा त्याचा विचार होता. त्यानें गांवोगांव हिंडून प्रवचनें केलीं. अभिधम्मासारखा कठीण विषय शेतकऱ्यांस व बायकामुलांस पाठ करतां यावा म्हणून तो सोप्या ब्रह्मी भाषेंत, पद्यांतहि उतरविला. अभ्यासमंडळें निघालीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ध्यान हा अरण्यवासी यतींचाच अधिकार आहे ही कल्पना त्यानें मोडून काढली. दीर्घ समाधि साधलेली नसली तरी चालेल. क्षणापुरती कां होईना, एकाग्रता असली म्हणजे संसारी मनुष्यहि स्वतःचें अवलोकन करूं शकतो, असें त्यानें शिकविलें.

या अवलोकनाचें मूळ सतिपट्ठान सुत्तांत आहे. पालीमधील ‘सति’ हा शब्द संस्कृतांतील ‘स्मृति’च होय. मराठी वाचकास स्मृति म्हटलें कीं गेलेल्या गोष्टीची आठवण डोळ्यांपुढें येते. येथें मात्र त्या शब्दाचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. श्वास आंत येत असतां तो येत आहे याची, चालत असतां पाऊल पडत आहे याची, मनांत राग उठला असतां तो उठला आहे याची जाण ठेवणें, म्हणजे सति. काया, वेदना, चित्त आणि धम्म अशीं तिचीं चार क्षेत्रें सांगितलीं आहेत. मनुष्य भूतकाळाच्या पश्चात्तापांत किंवा भविष्याच्या कल्पनेंत वाहून जातो तो या जाणिवेच्या अभावीं. आणि जें सुख वा दुःख तो धरून बसतो, तें पाहतां पाहतां बदलत असतें, हें एकदां स्वतः पाहिलें म्हणजे त्याची पकड सैल होऊं लागते. येथें आत्मपरीक्षण म्हणजे स्वतःला दोष देणें नव्हे. स्वतःत जें घडत आहे तें जसेंच्या तसें पाहणें होय.

ही शिकवण भिक्षूकडून गृहस्थाकडे कशी गेली, त्याचा पहिला मोठा दाखला म्हणजे सया थेट्जी. 1873 सालीं रंगूनपलीकडील एका खेड्यांत जन्मलेला हा मनुष्य गाडीवान होता, नंतर भाताच्या गिरणींत काम करी. परंपरेंतील चरित्रकार सांगतात कीं, 1903 च्या सुमाराच्या पटकीच्या सांथींत त्याचीं मुलें गेलीं आणि त्याचें मन उध्वस्त झालें. शांतीच्या शोधांत फिरतां फिरतां तो लेडी सयाडोपाशीं पोंचला. आणि पुढें गुरूच्या आज्ञेवरून स्वतः शिकवूं लागला. चीवर न घेतलेला एक शेतकरी ध्यानाचा आचार्य होतो, ही त्या समाजांत नवलाची गोष्ट होती.

त्याच्याकडे 1937 सालीं जो शिष्य आला, तो सरकारी हिशेबखात्यांतील अधिकारी उ बा खिन. 1899 सालीं रंगूनमध्यें जन्मलेला हा गृहस्थ साध्या कारकुनीपासून चढत चढत, 4 जानेवारी 1948 रोजीं ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हां, त्या देशाचा पहिला अकौंटंट जनरल झाला. त्यानें नोकरी सोडली नाहीं, संसार सोडला नाहीं. 1950 सालीं त्यानें आपल्या कचेरींतच विपश्यनामंडळ काढलें, आणि 1952 सालीं रंगूनमध्यें ध्यानकेंद्र उघडलें. एकाच वेळीं अनेक खात्यांचा भार वाहणारा म्हणून त्याची ख्याति होती. आंतली दृष्टि आणि बाहेरचें कर्म यांत वैर आहे, या आक्षेपास त्याचें जीवन हेंच उत्तर होतें. मंडालेच्या कोठडींत टिळकांनीं जो कर्मयोग प्रतिपादिला, त्याचें तत्त्वज्ञान वेगळें. परंतु हातांतील कामापासून पळून जाण्यांत मोक्ष नाहीं, या एका गोष्टींत हा हिशेबनीस आणि तो लोकनायक फारसे दूर नव्हते.

1955 सालीं उ बा खिन यांच्या दारीं एक तरुण मारवाडी व्यापारी आला. मंडाले येथेंच 1924 सालीं जन्मलेले सत्यनारायण गोएंका हे अर्धशिशीनें बेजार झाले होते. परदेशच्या वैद्यांकडूनहि गुण आला नव्हता. केवळ डोकेदुखीसाठीं यावयाचें असेल तर येऊं नका, असें गुरूनें प्रथम सांगितलें. मन शुद्ध करण्याचा हेतु धरून ते आले तेव्हां त्यांस प्रवेश मिळाला. 1962 सालीं लष्करानें सत्ता घेतली. पुढें उद्योगधंदे सरकारजमा झाले, आणि गोएंकांचीहि मिळकत गेली. थिबाप्रमाणें त्यांचेंहि एक लहानसें राज्य बुडालें. परंतु गेलेल्याचा शोक करीत ते बसले नाहींत. 1969 सालीं ते हिंदुस्थानांत आले, आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें मुंबईंत त्यांनीं पहिलें दहा दिवसांचें शिबिर घेतलें. 1976 पासून इगतपुरीच्या डोंगरापायथ्याशीं धम्मगिरि येथें शिबिरें भरूं लागलीं. 1994 सालीं दिल्लीच्या तिहार तुरुंगांत एक हजारांहून अधिक कैदी एकाच वेळीं अशा शिबिरास बसले. 2013 सालीं गोएंका मुंबईंत निवर्तले.

इतिहास येथें दोन सावधगिरीच्या सूचना देतो. ही साधना अशोकाच्या काळापासून ब्रह्मदेशांत अखंड चालत आली, अशी परंपरेची श्रद्धा आहे. तिचें मूळ प्राचीन आहे यांत शंका नाहीं. परंतु हजारों गृहस्थांनीं ती करावी, हा प्रकार मुख्यतः लेडी सयाडोच्या पिढीपासूनचा आहे, आणि तो राज्यनाशाच्या संकटांतून जन्मला. दुसरें असें कीं, आत्मभान असलेलीं माणसें देशांत आहेत एवढ्यानेंच त्या देशाचा कारभार न्यायाचा होत नाहीं. ब्रह्मदेशाच्या 1962 नंतरच्या इतिहासानें हें कठोरपणें दाखविलें आहे. मनाची मशागत ही लोकव्यवस्थेच्या मशागतीला पर्याय नव्हे.

तथापि एवढें खरें कीं, ज्या घटनेनें एका राजाला तीस वर्षें भूतकाळांत कोंडलें, तिनेंच एका भिक्षूला वर्तमानाकडे पाहावयास शिकविलें. गाडीवानानें तें पाहणें पुत्रशोकांत स्वीकारलें, हिशेबनिसानें कचेरींत, व्यापाऱ्यानें मिळकत गेल्यावर. यांपैकीं कोणालाहि अनुकूल काळ लाभला नव्हता. प्रत्येकानें जो काळ वांट्यास आला त्यांतच सुरुवात केली.