कचरापेटी नसलेलं स्टेशन

लंडनला आल्यावर पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. व्हिक्टोरिया स्टेशनात गाडीची वाट बघता बघता केळं खाल्लं आणि साल हातात धरून कचरापेटी शोधायला लागलो. हा प्लॅटफॉर्म बघितला, तो बघितला. एवढं मोठं स्टेशन, जमीन आरशासारखी स्वच्छ, पण पेटी औषधालाही नाही! शेवटी साल कागदात गुंडाळून लॅपटॉपच्या बॅगेत कोंबली आणि ऑफिसात जाऊन टाकली. तिथल्या मंडळींना हे सांगितलं तेव्हा ती हसली. मग कोणीतरी कारण सांगितलं आणि माझं हसू मावळलं.

१८ फेब्रुवारी १९९१. सोमवारची सकाळ, म्हणजे ऑफिसला जाणाऱ्यांची ऐन गर्दी. आयर्लंडमधल्या 'आयआरए' या संघटनेने पहाटे पॅडिंग्टन स्टेशनात एक बॉम्ब उडवला होता. सात वाजता फोन आला की लंडनच्या सगळ्या मोठ्या स्टेशनांत बॉम्ब आहेत. आता पोलिसांनी करायचं काय? असे खोटे फोन तेव्हा सतत येत. प्रत्येक फोनला स्टेशनं रिकामी केली तर बॉम्ब न ठेवताच शहर बंद पडणार. त्यांनी स्टेशनं चालू ठेवली. पावणेआठच्या सुमाराला व्हिक्टोरियातल्या एका कचरापेटीत स्फोट झाला. एक माणूस गेला, ३८ जखमी झाले. त्यानंतर मात्र त्या दिवशी लंडनची सगळी मोठी स्टेशनं बंद केली गेली. आणि मग स्टेशनांतल्या कचरापेट्या उचलल्या गेल्या. धातूची पेटी फुटली की तिचेच तुकडे गोळ्यांसारखे उडतात, हे त्यामागचं साधं गणित. आता बहुतेक मोठ्या स्टेशनांत लोखंडी कड्याला अडकवलेली पारदर्शक प्लास्टिकची पिशवी दिसते. आत काय आहे ते येणाजाणाऱ्या कोणालाही दिसावं म्हणून.

आपल्याला वाटतं की शहरातले बॉम्ब ही आपल्या पिढीच्या नशिबी आलेली गोष्ट. पण लंडनचा हा इतिहास व्हिक्टोरिया राणीच्या काळापासूनचा आहे. जमिनीखालची रेल्वे सुरू झाली १८६३ साली, आणि तिच्यात पहिले बॉम्ब फुटले ३० ऑक्टोबर १८८३ ला. म्हणजे अवघ्या वीस वर्षांत! आयरिश स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या 'फेनियन' लोकांनी ते ठेवले होते. पॅडिंग्टनजवळच्या प्रेड स्ट्रीटच्या स्फोटात जखमी झाले ते बहुतेक थर्ड क्लासचे प्रवासी, म्हणजे साधी माणसं. पुढच्या वर्षी खुद्द स्कॉटलंड यार्डात स्फोट झाला आणि जानेवारी १८८५ मध्ये एकाच दिवशी लंडनचा टॉवर आणि पार्लमेंट. गाड्या मात्र चालूच राहिल्या.

लोक घाबरले नाहीत म्हणून चालू राहिल्या का? मला नाही वाटत. थर्ड क्लासच्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं, एवढंच. आपल्याकडे ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत सात स्फोट झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल धावत होत्या, भरूनही जात होत्या. लगेच 'मुंबई स्पिरिट'चे गोडवे सुरू झाले. इथेही तसंच. काही झालं की 'ब्लिट्झ स्पिरिट'ची आठवण निघते. १९४० साली सप्टेंबरपासून सलग ५७ रात्री जर्मन विमानांनी लंडनवर बॉम्ब टाकले आणि लोक रात्री ट्यूबच्या फलाटांवर झोपून सकाळी कामावर गेले, ती ही आठवण. पण दोन्हीकडे पोटाचा प्रश्न कोणी विचारात घेत नाही. ज्याचा पगार दिवसावर आहे तो धैर्य म्हणून लोकल पकडत नाही, ती पकडण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं.

मग मला प्रश्न पडतो तो असा: माणसं दुसऱ्या दिवशी कामावर जाणारच, पण त्या काळात शहर काय करतं?

१९९३ चं उदाहरण बघा. १२ मार्चला मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले, २५७ माणसं गेली. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २४ एप्रिलला, लंडनच्या आर्थिक भागात बिशप्सगेट इथे आयआरएने एक ट्रक उडवला. शनिवार होता म्हणून रस्ते रिकामे होते, तरी एक वृत्तछायाचित्रकार गेला. सेंट एथेलबर्गा नावाचं मध्ययुगीन चर्च कोसळलं. वर्षभरापूर्वीच, एप्रिल १९९२ मध्ये, जवळच बाल्टिक एक्स्चेंजपाशी स्फोट होऊन तिघे गेले होते. (आज त्याच जागी 'घेर्किन' नावाची काकडीच्या आकाराची प्रसिद्ध इमारत उभी आहे.) या दोन घटनांनंतर आर्थिक भागात शिरणारे बरेच रस्ते बंद केले, उरलेल्यांवर वळणं घालून गाड्यांचा वेग कमी केला आणि कॅमेरे बसवले. विमा कंपन्या अशा हल्ल्यांच्या नुकसानभरपाईतून अंग काढायला लागल्या होत्या, तेव्हा सरकारने पाठीशी राहून 'पूल री' ही व्यवस्था उभी केली. विमा नाही तर कर्ज नाही आणि कर्ज नाही तर इमारत नाही. शहर चालू राहतं ते अशा कंटाळवाण्या कामांमुळे!

पण लंडनने सगळं बरोबर केलं असं समजू नका. १९८७ साली किंग्ज क्रॉस स्टेशनातल्या आगीत ३१ जण गेले. चौकशीत निष्पन्न झालं की जमिनीखाली अग्निशमन दल आणि पोलीस यांना रेडिओवर एकमेकांशी नीट बोलता येत नव्हतं, हे सुधारा. ७ जुलै २००५ ला सकाळी ८:५० ला ट्यूबमध्ये जवळजवळ एकाच वेळी तीन स्फोट झाले आणि ९:४७ ला टॅव्हिस्टॉक स्क्वेअरला ३० नंबरच्या बसमध्ये चौथा. ५२ माणसं गेली. तेव्हाही बोगद्यात उतरलेल्या बहुतेक पथकांचे रेडिओ बंद! मधे अठरा वर्षं गेली होती. लंडन असेंब्लीच्या २००६ च्या अहवालात यावर कडक ताशेरे आहेत. त्यानंतर कुठे ती यंत्रणा बसली. इंजिनियर म्हणून मला याची सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण दुरुस्ती काय करायची ते कागदावर लिहून तयार होतं.

टॅव्हिस्टॉक स्क्वेअर म्हणजे जिथे मांडी घालून बसलेल्या गांधीजींचा पुतळा आहे तीच बाग. समोर ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेची इमारत. बस फुटली तेव्हा आतले डॉक्टर धावत बाहेर आले आणि रस्त्यावरच उपचार करायला लागले. त्या दिवशी हजारो लोक चालत घरी गेले. दुसऱ्या दिवशी ट्यूबचा बराचसा भाग सुरू होता. काही आठवडे गर्दी कमी होती, कारण माणसं घाबरली होती. आणि भीतीने एक जीव आणखी घेतला. २२ जुलैला स्टॉकवेल स्टेशनात पोलिसांनी जाँ चार्ल्स डी मेनेझेस या ब्राझीलच्या निरपराध इलेक्ट्रिशियनला दहशतवादी समजून गोळ्या घातल्या.

ही चूक नवी नव्हती. २१ नोव्हेंबर १९७४ ला बर्मिंगहॅमच्या पबमध्ये झालेल्या स्फोटांत २१ जण गेले. लोक संतापलेले, पोलिसांना घाई. सहा आयरिश माणसं पकडली, मारहाण करून जबाब घेतले. हातावर स्फोटकांचे अंश सापडले म्हणून सांगितलं, पण ती चाचणी पत्त्यांच्या कॅटवरच्या लेपालाही तसाच रंग दाखवते, आणि ही मंडळी गाडीत पत्ते खेळत आली होती! सोळा वर्षांनी, मार्च १९९१ मध्ये, ते निर्दोष सुटले. खऱ्या गुन्हेगारांना आजवर शिक्षा झालेली नाही.

जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं तेव्हा मला हेच सहाजण आठवले. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली आहे, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलेलं नाही. त्यातला एक तर निकालाआधीच तुरुंगात असताना वारला. एकोणीस वर्षांनंतर त्या गाड्यांत गेलेल्यांच्या घरच्यांना 'कोणी केलं?' याचं पक्कं उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी लोकल पकडून लोकांनी आपल्या वाटचं काम केलं. बाकीच्यांनी आपापलं केलं का, हे मात्र विचारत राहायला हवं. असो. माझ्या बॅगेत अजूनही एक रिकामी पिशवी असते, केळ्याच्या सालीसाठी. सवय लागली ती लागली.