नाव कोणी ठेवायचे? ‘हरिजन’ शब्दावरचा १९३८चा वाद

#थ्रेड

१/ पिंपळगाव बसवंत म्हटले की आज द्राक्षे, टोमॅटो आणि कांद्याचा बाजार आठवतो. या निफाड तालुक्याला लागूनच दिंडोरी तालुका आहे. तेथील आंबे गावी १९०२ साली जन्मलेल्या एका नेत्याने मुंबई विधानसभेत एका शब्दाला हरकत घेतली होती. तो शब्द शिवी नव्हता. गौरवाचा म्हणूनच तो योजला गेला होता.

२/ ते नेते म्हणजे भाऊराव कृष्णराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड. २ मार्च १९३० रोजी नाशिकला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे ते आघाडीचे संघटक. १९३७ च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते विधानसभेत गेले.

३/ शब्द होता ‘हरिजन’. संत नरसी मेहतांच्या काव्यातील हा शब्द गांधीजींनी अस्पृश्यांसाठी रूढ केला. ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्याहून त्याच नावाचे साप्ताहिक निघाले. ‘अस्पृश्य’ या शब्दातील अवमान पुसावा, हा त्यामागचा हेतू होता.

४/ जानेवारी १९३८. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस सरकार होते. लोकल बोर्ड कायद्याच्या दुरुस्ती विधेयकात अनुसूचित जातींसाठी ‘हरिजन’ हा शब्द घालण्याचे ठरले. आजवर भाषणांत आणि वृत्तपत्रांत असलेला शब्द आता कायद्यात येणार होता.

५/ गायकवाडांनी सभागृहात विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा: अस्पृश्य जर देवाची माणसे, तर स्पृश्य काय राक्षसांची मानायची? गौरवाच्या शब्दाने माणसांची दुसऱ्यांदा विभागणी होते आणि मूळ विभागणी जागच्या जागी राहते, हे त्यांनी एका प्रश्नात दाखवून दिले.

६/ ज्यांना हे नाव द्यायचे, त्यांच्याच प्रतिनिधींना ते नको होते. तरीही बहुमताच्या बळावर ते मंजूर झाले. डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी निषेध म्हणून सभागृहातून बाहेर पडले.

७/ आंबेडकरांना शब्दांची पर्वा नव्हती, असे नव्हे. ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या सरकारी संज्ञेला त्यांनी १९३१ च्या गोलमेज परिषदेतच आक्षेप घेतला होता. त्यांच्या स्वतःच्या पाक्षिकाचे नाव मात्र ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) असे होते. कठोर शब्द चालतो आणि गोड शब्द चालत नाही, हे कसे?

८/ उत्तर व्याकरणात सापडते. ‘बहिष्कृत’ म्हणजे ज्याला बाहेर टाकले गेले तो. हा शब्द उच्चारताच ‘कोणी टाकले?’ हा प्रश्न उभा राहतो. ‘दलित’ म्हणजे भरडला गेलेला. येथेही भरडणारा कोण, हे विचारावे लागते. ‘हरिजन’ शब्दात असा कर्ताच नाही. त्यात अन्याय दिसत नाही, म्हणून अन्याय करणाराही दिसत नाही.

९/ १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने ‘दलित’ हे नाव अभिमानाने मिरवले. १९७३ च्या जाहीरनाम्यात भूमिहीन, कामगार आणि स्त्रियाही त्या व्याख्येत आल्या. वरून मिळालेल्या नावात हा विस्तार घडला नसता. पुढे ‘हरिजन’ शब्द सरकारी व्यवहारातून मागे पडत गेला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अवमानकारक ठरत असल्याचे नमूद केले.

१०/ डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा यांऐवजी समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावे सुचवली गेली. पत्ता सांगताना जात सांगावी लागू नये, ही सुटका खरीच मोलाची आहे.

११/ परंतु गावाच्या नकाशात ती वस्ती पूर्वीच्याच कडेला असेल, तर पाटीवरच्या ‘समता’ या शब्दालाही १९३८ चाच प्रश्न लागू होतो. हे नाव रहिवाशांनी निवडले आहे का? आणि त्यासोबत पाणी, रस्ता, जमीन यांतले काय बदलले? आंबे गावच्या गायकवाडांचा आक्षेप चांगल्या शब्दाला नव्हता. ज्याचे नाव, त्याला न विचारता ते ठरवण्याला होता.