वैनगंगेवरील नाव : लाकूड, काच आणि राळ

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी आणि नावाडीपण करीत आलेल्या ढीवरांचा डोंगा एका थोर वृक्षाच्या खोडातून कुऱ्हाडीने व वाकसाने कोरून सिद्ध होई. कोरताना निघालेल्या ढलप्या चुलीत जात, भुसा मातीत मिसळे, आणि डोंगा जीर्ण झाला म्हणजे तोही सरपणाच्याच वाटेस लागे. १८७८ च्या फेरी कायद्यान्वये नावघाटांचा बंदोबस्त होऊन त्यांचे मक्ते दिले जाऊ लागले, उताराचे दर ठरले, उतारूंच्या सुरक्षिततेचे नियम झाले. पण मोडलेल्या नावेचे पुढे काय होते याची विचारणा करण्याचे कारण सरकारी दप्तराला कधी पडले नाही.

२२ एप्रिल १९८८ रोजी पवनीनजीक गोसीखुर्द येथे राजीव गांधी यांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली, आणि अकरा किलोमीटरांहून अधिक लांबीच्या भिंतीमागे यथावकाश नदीचे सरोवर झाले. अनेक गावांनी आपली घरेदारे आणि शेते त्यासाठी दिली. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत व कन्हानेतून आंभोऱ्याच्या संगमावर वैनगंगेत उतरते, त्यामुळे या पाण्यावर आधीच मोठा अन्याय झालेला आहे. आता येथे जलपर्यटनाची योजना आखली गेली असता, विहाराच्या नावा प्रायः फायबरच्याच येणार हे उघड आहे. म्हणूनच त्या कशा घडतात हे जाणणे अगत्याचे ठरते.

१९४२ मध्ये अमेरिकेतील ओहायो प्रांतात रे ग्रीन याने काचतंतू आणि पॉलिएस्टर राळ यांची नाव घडविली, आणि नौकाबांधणीतून वृक्षाची गरज संपली. त्याबरोबर एक नवे संकट आले. उघड्या साच्यावर कुंचल्याने राळ माखीत काचेच्या चटया बसवताना राळेतील स्टायरीन हवेत उडून कारागिराच्या डोळ्यांत व फुप्फुसांत शिरते. कुंचले व रोलर धुतलेले ॲसिटोन, कातरलेल्या चटया आणि डब्यात अकाली घट्ट झालेली राळ यांचा ढीग वाढत जातो, आणि घासताना उडणारी काचेची धूळ मातीत कुजत नाही. अमेरिकन शासनाने २००१ मध्ये या बाष्पांवर मर्यादा घातल्या. पण कायद्यापेक्षाही कारागिरीची सुधारणा मला अधिक मोलाची वाटते : कोरडे काचकापड साच्यात मांडून, त्यावरील आवरण हवाबंद करून आतील हवा पंपाने शोषून घेतली असता राळ आपोआप कापडात भिनते, बाष्प कोंडून राहते आणि राळही कमी लागते. कापड आधी नमुन्याबरहुकूम बेतून कातरले, राळ हव्या तेवढीच कालवली, वापरलेले ॲसिटोन ऊर्ध्वपातनाने पुन्हा शुद्ध केले, तर निम्मे गाऱ्हाणे कारखान्याच्या दारातच मिटेल.

राहिला प्रश्न जीर्ण नावेचा. जपानमध्ये २००५ पासून अशा नावा गोळा करून, त्यांचा भुगा सिमेंटच्या भट्टीत घालण्याची व्यवस्था आहे. राळ इंधन होते, आणि काचेतील वाळू व चुना सिमेंटमध्ये सामावतात. सिमेंटच्या भट्ट्या चंद्रपूर जिल्ह्यात आवारपूर, गडचांदूर येथे आहेतच. गोसीखुर्दसाठी नावा खरेदी करताना त्यांचे अवशेष तेथवर पोहोचवण्याची तजवीज कोणी करायची आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हे मक्त्याच्या पहिल्याच कागदात लिहून घ्यावे.