ग्लेझ म्हणजे काय? लोणच्याच्या बरणीपासून कमेंटपर्यंत एकाच शब्दाचे अनेक अर्थ

क्रिकेटपटू असो, अभिनेता असो की एखादा यूट्यूबर, त्याचं कोणी जरा जास्तच कौतुक केलं की खाली कमेंट पडते, 'किती ग्लेझ करशील?' इथे 'ग्लेझ करणं' म्हणजे अतिरेकी स्तुती करणं. मराठीत ज्याला मस्का मारणं म्हणतात, तेच. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी वापरणाऱ्यांची उगाचच तारीफ करू लागल्याच्या तक्रारी आल्या. तेव्हा ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीही हाच शब्द वापरून चूक मान्य केली आणि कंपनीने तो बदल मागे घेतला.

पण हा या शब्दाचा अगदी अलीकडचा अर्थ. मूळ अर्थ आजही अनेक घरांत फळीवर ठेवलेला असतो, लोणच्याच्या बरणीच्या रूपात.

शब्द आला कुठून?

इंग्रजीत 'ग्लास' म्हणजे काच. त्याच शब्दापासून 'ग्लेझ' हे क्रियापद तयार झालं. त्याचा एक अर्थ खिडकीला काच बसवणं. म्हणून खिडक्यांना काचा बसवणारा तो 'ग्लेझियर' आणि दुहेरी काचेची खिडकी म्हणजे 'डबल ग्लेझिंग'. दुसरा अर्थ, वस्तूवर काचेसारखा चकचकीत थर चढवणं. मराठीत त्याला 'झिलई' म्हणतात.

माठाला नाही, बरणीला का?

भाजलेल्या साध्या मातीत बारीक छिद्रं असतात. माठातलं पाणी त्यातून झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार राहतं. माठाला ग्लेझ दिलं तर तो पाणी गार करणारच नाही. लोणच्याचं उलट आहे. तेल आणि खार भांड्यात मुरता कामा नये, म्हणून बरणीला आतून-बाहेरून ग्लेझ असतं.

हा थर म्हणजे खरोखरच काच असते. वाळूतला सिलिका हा तिचा मुख्य घटक. मात्र शुद्ध सिलिका वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. एवढ्या उष्णतेत बरणीच टिकणार नाही. म्हणून सोडा, पोटॅश, चुना असे पदार्थ मिसळतात, म्हणजे मिश्रण कमी तापमानाला वितळतं. ॲल्युमिनामुळे ते दाट राहतं आणि भांड्यावरून ओघळत नाही. ही पूड पाण्यात कालवून भांड्यावर चढवतात आणि भांडं भट्टीत भाजतात. बरणीसारख्या पक्क्या भांड्यांसाठी साधारण १२०० ते १३०० अंश तापमान लागतं. कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा आणि लोहाने तपकिरी रंग मिळतो.

यांच्यात गल्लत नको

- एनॅमल: धातूवर चढवलेला काचेचा थर. मीनाकारी हे त्याचंच उदाहरण.
- कल्हई: तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून दिलेला कथलाचा थर. हा धातूच असतो, काच नव्हे.
- व्हार्निश: लाकडावर लावून वाळवलेला थर. याला भट्टी लागत नाही.

चकाकीमागचा धोका

मिश्रण कमी तापमानाला वितळावं म्हणून पूर्वी अनेक ठिकाणी शिसं वापरत. त्याने चकाकी सुरेख येते. पण ग्लेझ नीट बनवलेलं किंवा पुरेसं भाजलेलं नसेल, तर लिंबू, चिंच, टोमॅटो, व्हिनेगर अशा आंबट पदार्थांत ते शिसं उतरू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शरीरात शिसं किती गेलं तर चालेल, अशी सुरक्षित पातळीच माहीत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्याचा सर्वाधिक धोका असतो.

शिसं डोळ्यांना दिसत नाही आणि चवीवरूनही ओळखता येत नाही. त्यामुळे शोभेसाठी घेतलेल्या रंगीत भांड्यात लोणचं, चटणी किंवा सरबत ठेवू नये. अन्नासाठी सुरक्षित आणि शिसेमुक्त असं लिहिलेलंच भांडं घ्यावं. ग्लेझचे टवके उडालेली किंवा त्यावर बारीक भेगांचं जाळं पडलेली भांडीही अन्नासाठी टाळावीत.

खाण्यावरचं ग्लेझ

डोनटवरचा साखरेचा पातळ थर म्हणजे ग्लेझ. पाव चकचकीत दिसावा म्हणून वरून फिरवलेला दुधाचा किंवा अंड्याचा हातही ग्लेझच. पण दोन ग्लेझ ग्राहकाने लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

पहिलं गोठवलेल्या कोळंबीवरचं. ती सुकू नये म्हणून तिच्यावर बर्फाचा पातळ थर देतात. ही पद्धत योग्यच आहे, मात्र आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार पाकिटावरच्या निव्वळ वजनात हा बर्फ धरायचा नसतो. नाहीतर ग्राहक कोळंबीच्या भावाने पाणी विकत घेतो.

दुसरं काही गोळ्या-चॉकलेटांवरचं. त्यांची चमक 'शेलॅक'ची असू शकते. शेलॅक लाखेपासून तयार होतं आणि लाख हा किड्यांचा स्राव असतो. घटकांच्या यादीत ते '९०४' या क्रमांकाने दिसतं. काटेकोर शाकाहारी असणाऱ्यांनी हा क्रमांक पाहून ठरवावं.

आणखी काही अर्थ

- चित्रकलेत: वाळलेल्या रंगावर दिलेला पातळ, पारदर्शक रंगाचा थर. खालचा रंग त्यातून झळकतो.
- हवामानशास्त्रात: अतिथंड पाऊस रस्त्यावर, झाडांवर पडताच गोठून तयार होणारा गुळगुळीत बर्फ.
- बोलण्यात: कंटाळलेल्या माणसाची नजर थिजते, तेव्हा इंग्रजीत त्याचे डोळे 'ग्लेझ' झाले असं म्हणतात.

सगळ्या अर्थांत एक गोष्ट समान आहे, वरचा थर. बरणीचं चांगलं ग्लेझ भट्टीत तापून मातीशी एकजीव होतं आणि आतलं लोणचं राखतं. कमेंटमधलं ग्लेझ मात्र नुसतंच वरवरचं असतं. म्हणून चकाकी कुठलीही असो, ती कशाची आहे आणि तिच्याखाली काय आहे, हे आधी पाहावं.