स्टिअरिंग ढिलं लागतंय? दुखणं बहुतेकदा चाकाजवळ असतं

डॉ. आंबेडकर रोडवर गाडी सरळ चालली आहे. तुम्ही स्टिअरिंग थोडं डावीकडे फिरवलं, गाडीला पत्ताच नाही. आणखी थोडं फिरवलं, तेव्हा कुठे ती वळली. मधल्या या रिकाम्या फिरण्याला गॅरेजमध्ये 'प्ले' म्हणतात.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर ते वेगळं दुखणं. तिथे आधी टायरमधली हवा आणि मग अलाइनमेंट बघायची. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर संशय व्हील बॅलन्सिंगवर. प्ले मात्र या दोन्हींनी जात नाही, कारण तो येतो झिजलेल्या सांध्यांमुळे. तरी अनेक जण आधी अलाइनमेंटवरच पैसे घालवतात.

किती प्ले चालतो? केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 98 नुसार तो 30 अंशांपेक्षा जास्त नसावा. हे ऐकायला कमी वाटतं. पण 37 सेंटीमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर 30 अंश म्हणजे कडेला जवळपास 10 सेंटीमीटर! आजच्या रॅक अँड पिनियनवाल्या गाडीत एक-दोन सेंटीमीटरच्या पुढे गेलं की तपासणी करावी. कायद्याची मर्यादा गाठेपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही. याच नियमात आणखी एक कामाची गोष्ट आहे: स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असल्याच पाहिजेत.

मुंबईत या टोप्यांचं महत्त्व पावसाळ्यात कळतं. हिंदमाताला साचलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि टोपी फाटलेली असेल, तर पाणी आणि बारीक रेती थेट सांध्यात जाते. आतलं ग्रीस धुऊन निघतं, लोखंडाला गंज धरतो आणि त्यावर खड्ड्यांचे दणके बसत राहतात. सगळ्यात आधी बहुधा टायरॉड एंड जातो. रॅकचा दांडा चाकाला जोडणारा हा छोटा सांधा आहे. तो पूर्ण निखळला तर त्या बाजूचं चाक स्टिअरिंगच्या ताब्यात राहत नाही. म्हणून 'चालतंय तोवर चालवू' हे इथे लागू नाही.

तपासणीला दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, चाकं सरळ ठेवून उभी करा. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. एकाने स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवी हलवायचं, दुसऱ्याने बाहेरून पुढच्या चाकामागे टॉर्च मारून बघायचं. दांडा हलतोय पण चाक उशिरा हलतंय, तर टायरॉड एंड गेला. स्टिअरिंग फिरतंय पण दांडाच हलत नाही, तर दोष वर, म्हणजे कॉलमच्या क्रॉस जॉइंटमध्ये किंवा रॅकमध्ये.

पुढची पायरी जॅकची. चाक उचलून घड्याळातल्या 9 आणि 3 च्या जागी धरून हलवा. खटखट आली तर टायरॉड एंड किंवा रॅक एंड. 12 आणि 6 च्या जागी धरल्यावरही चाक हललं तर व्हील बेअरिंग किंवा खालच्या आर्मचा बॉल जॉइंट बघावा लागेल. गिरगाव-दादरच्या गल्लीत पेव्हर ब्लॉकवर जॅक लावणं धोक्याचं, तो सरकतो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका.

जुन्या काळी-पिवळी पद्मिनीत रॅक नव्हता, स्टिअरिंग बॉक्स होता. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 2003 मध्ये ताडदेव आरटीओत झाली आणि 20 वर्षांच्या वयोमर्यादेमुळे 2023 मध्ये ती रस्त्यावरून गेली. 'जरा स्क्रू आवळून द्या' हा सल्ला मात्र त्या बॉक्सच्या काळातला, तो अजून टिकून आहे. बॉक्समधले दाते मधोमध जास्त झिजतात. तिथला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला की वळणावर स्टिअरिंग अडकतं आणि सोडल्यावर सरळ येत नाही. आजच्या रॅकलाही असा स्क्रू असतो. सांधे तपासल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नका.

टायरॉड एंडची किंमत रॅकच्या तुलनेत किरकोळ आहे. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत तो सहज मिळतो, फक्त गाडीचं मॉडेल आणि वर्ष नीट सांगा. थेट रॅक बदलायला सांगितलं तर प्ले नेमका कुठे आहे ते गाडीखाली दाखवायला लावा. इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाडीत डॅशबोर्डवर दिवा लागला असेल तर काम स्कॅनरचं, पान्याचं नाही.

नवा टायरॉड एंड बसला की अलाइनमेंट करावीच लागते, कारण दांड्याची लांबी थोडी तरी बदलते. गाडी घ्यायला जाल तेव्हा काढलेला जुना सांधा मागून घ्या आणि बोटाने हलवून बघा. नवा जोर लावल्याशिवाय हलत नाही, झिजलेला आपसूक लुळा पडतो.