९ फेब्रुवारी : बाबा मातीत विसावले, बाग बहरत राहिली

ज्येष्ठ समाजसेवक मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे यांचे ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात, वयाच्या ९४व्या वर्षी निधन झाले.

बाबा वर्धा जिल्ह्याच्या मातीतले. जन्म हिंगणघाटचा, २६ डिसेंबर १९१४. चालती वकिली त्यांनी सोडली. १९४६ मध्ये साधनाताईंशी विवाह झाला आणि १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी महारोगी सेवा समिती स्थापन झाली. पुढे वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, चौदा रुपये आणि दोन चिमुकली मुले घेऊन या दांपत्याने संसार मांडला; तेच आनंदवन.

पहिले काम विहीर खोदण्याचे. पाणी लागले, भाजीपाला तरारून आला. पण रुग्णांच्या हातची म्हणून गावात ती भाजी कुणी घेईना. परदेशी स्वयंसेवक आनंदवनात राहून राबले, जेवले, तेव्हा कुठे लोकांची भीती सरली.

मणक्याच्या आजाराने बसणे अशक्य झाले, तरी बाबा उभ्याने किंवा पडून काम करत राहिले. थोरले विकास आनंदवनात, धाकटे प्रकाश १९७३ पासून हेमलकशात तेच व्रत चालवू लागले. रक्ताच्या दोन मुलांचेच नव्हे, घरच्यांनी टाकलेल्या हजारोंचेही ते बाबा होते.

त्यांची चिता रचली नाही. ज्या मातीत त्यांनी आयुष्य पेरले, तिनेच त्यांना कुशीत घेतले. या वडीलधाऱ्या माळ्याला कृतज्ञ वंदन.